सूत्र एकच, मग एकीकडे अंधार आणि दुसरीकडे प्रकाश का?

गंगाखेड येथे बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने पुढील प्रश्न विचारला आहे. "एका फटीच्या विवर्तनात फटीची रुंदी गुणिले कोनाचा साइन हे एका तरंगलांबीएवढे झाले, की पडद्यावर त्या ठिकाणी अंधार मिळतो. दोन फटींच्या व्यतिकरणात फटींमधील अंतर गुणिले कोनाचा साइन हे एका तरंगलांबीएवढे झाले, की त्या ठिकाणी प्रकाश मिळतो. सूत्र एकच दिसते, पथांतरही एकच दिसते, मग निष्कर्ष उलटा कसा? विवर्तन नेमके कुठे संपते आणि व्यतिकरण कुठे सुरू होते? आणि हे सारे घरी पाहता येते का?"

नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतील महाविद्यालयांत मी दीर्घकाळ प्रकाशिकीचे तास घेतले आणि प्रयोगशाळा सांभाळली. तेवढ्या अनुभवावरून सांगतो, की या विषयात विचारण्याजोगा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. बहुतेक विद्यार्थी दोन्ही सूत्रे पाठ करतात, परीक्षेत त्यांची अदलाबदल होते आणि गुण जातात. गुणांचे नुकसान भरून निघते, परंतु या दोन सूत्रांमागे एकच गोष्ट आहे हे कळण्याची संधी निसटते, हे नुकसान अधिक मोठे आहे. माझे उत्तर आधीच सांगतो: विवर्तन (फटीतून किंवा अडथळ्याच्या कडेवरून जाताना प्रकाशाचे पसरणे) आणि व्यतिकरण (तरंग एकमेकांत मिसळून कोठे प्रकाश, कोठे अंधार होणे) या दोन वेगळ्या घटना नाहीत. दोन्हीकडे तरंगांची बेरीजच होते. फरक इतकाच, की बेरजेत किती तरंग घेतले आणि ते कोठून निघाले.

बेरीज करण्याची रीत ख्रिस्तियान हायगेन्स यांच्या १६९० मधील ग्रंथातून आली. तरंगमुखावरील, म्हणजे पुढे सरकणाऱ्या तरंगाच्या एकाच कलेतील बिंदूंच्या पृष्ठावरील, प्रत्येक बिंदू हा नव्या, दुय्यम तरंगाचा उगम मानायचा आणि पुढचे तरंगमुख त्या दुय्यम तरंगांवरून ठरवायचे, ही त्यांची कल्पना होती. हायगेन्स यांनी कलेचा, म्हणजे त्या क्षणी तरंग शिखरावर आहे की गर्तेत, याचा हिशेब धरला नव्हता. तो धरला ऑग्युस्तँ फ्रेनेल यांनी, १८१८ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीला सादर केलेल्या निबंधात. परीक्षकांपैकी प्वासाँ यांनी आक्षेप घेतला, की हे गणित खरे असेल तर लहान गोल चकतीच्या सावलीच्या मध्यभागी प्रकाशाचा ठिपका दिसायला हवा, आणि असे घडणे अशक्य आहे. दुसरे परीक्षक आरागो यांनी प्रयोग करून पाहिला, तेव्हा ठिपका तेथे होता. या गोष्टीचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे, कारण विवर्तन म्हणजे असंख्य दुय्यम तरंगांचे व्यतिकरण, ही फ्रेनेल यांची मांडणी त्या ठिपक्याने सिद्ध केली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एका अपारदर्शक पत्र्यात दोन अतिशय बारीक फटी आहेत, असे धरा. पडद्यावरील असा बिंदू निवडा, की जेथे वरच्या आणि खालच्या फटीतून येणाऱ्या तरंगांचे पथांतर, म्हणजे त्यांनी कापलेल्या अंतरांमधील फरक, बरोबर एक तरंगलांबी (लगतच्या दोन शिखरांमधील अंतर) आहे. एका तरंगलांबीने मागे पडलेला तरंग पुन्हा त्याच कलेत असतो, म्हणून शिखरावर शिखर येते. प्रत्येक तरंगाचा परमप्रसर, म्हणजे शिखराची उंची, एक धरला तर दोघांचे मिळून दोन होतात, आणि तीव्रता परमप्रसराच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती एका फटीच्या चौपट होते. येथे तेजस्वी पट्टा मिळतो. इथपर्यंत पुस्तकात आहेच.

आता त्या दोन फटी तशाच ठेवून त्यांच्या बरोबर मध्ये तिसरी फट पाडा. बिंदू तोच आहे. तिसऱ्या फटीचे पथांतर अर्धी तरंगलांबी असल्यामुळे तिचा तरंग इतर दोघांच्या विरुद्ध कलेत येतो. बेरीज होते एक, उणे एक, अधिक एक, म्हणजे फक्त एक. फटी दोनाच्या तीन झाल्या, पण त्या बिंदूवरील परमप्रसर दोनावरून एकावर आला. सरळ समोर, जेथे सर्व तरंग एका कलेत पोचतात, तेथे परमप्रसर तीन आहे. म्हणून आपल्या बिंदूवरील तीव्रता समोरच्या तीव्रतेच्या एक नवमांश उरली. आणखी दोन फटी पाडा, पाव आणि पाऊण अंतरावर. या दोघींचे पथांतर अनुक्रमे पाव आणि पाऊण तरंगलांबी आहे. एकमेकींपासून अर्ध्या तरंगलांबीचा फरक, म्हणून त्या एकमेकींना पूर्ण खोडून काढतात. परमप्रसर अजूनही एकच आहे, पण समोर तो पाच झाला आहे. तीव्रतेचे प्रमाण एक पंचविसांश. नऊ फटी केल्या तर एक एक्याऐंशीवा भाग. अशाच फटी भरत गेलात, की शेवटी त्यांच्यामधील पत्रा संपतो आणि तुमच्या हाती एक सलग रुंद फट उरते. तेव्हा त्या बिंदूवरील प्रकाश शून्य होतो.

दोन फटींचे अंतर आता एका फटीची रुंदी झाले आहे. सूत्र तेच राहिले, कोन तोच राहिला, दोन टोकांमधील पथांतरही एक तरंगलांबीच राहिले. दोन फटींच्या वेळी बेरजेत फक्त टोकांचे तरंग होते आणि ते एका कलेत होते. सलग फटीच्या वेळी टोकांच्या मधले सगळे तरंग बेरजेत आले, त्यांच्या कला एक पूर्ण आवर्तन फिरून आल्या आणि प्रत्येकाला खोडणारा जोडीदार मिळाला. पाठ्यपुस्तकात फटीचे दोन भाग करून जो युक्तिवाद दिलेला असतो, तो हाच आहे: वरच्या अर्ध्या भागातील प्रत्येक बिंदूची, त्याच्यापासून अर्ध्या रुंदीने खाली असलेल्या बिंदूशी जोडी लावायची, प्रत्येक जोडीचे पथांतर अर्धी तरंगलांबी असते, म्हणून सगळ्या जोड्या रद्द होतात. माझ्या मते मात्र आधी फटी भरत जाण्याचा विचार करावा आणि मग जोड्यांचा. म्हणजे अंधार कोठून आला हे डोळ्यांसमोर घडताना दिसते.

पथांतर दीड तरंगलांबी असेल तेव्हा काय होते, हेही याच रीतीने मिळते. फटीचे तीन समान भाग करा. त्यांपैकी दोन शेजारचे भाग एकमेकांना खोडतात आणि तिसरा शिल्लक राहतो, पण तोही आतल्या आत पूर्ण एका कलेत नसतो. त्यामुळे तेथे प्रकाश मिळतो, परंतु अंधूक. पहिल्या बाजूच्या पट्ट्याची तीव्रता मधल्या पट्ट्याच्या सुमारे ४.७ टक्के, दुसऱ्याची सुमारे १.६ टक्के एवढीच असते. मधला पट्टा बाजूच्या पट्ट्यांच्या दुप्पट रुंद असतो, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण प्रयोगात एका फटीचा नमुना ओळखण्याची ती सर्वांत सोपी खूण आहे.

फट जितकी अरुंद, तितका प्रकाश अधिक का पसरतो, हे वेगळे विचारावे लागत नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक तरंगलांबीचे पथांतर साधायचे, तर रुंद फटीला थोडेसे तिरके पाहिले तरी पुरते; अरुंद फटीला बरेच तिरके जावे लागते. म्हणून पहिला काळा पट्टा दूर सरकतो. फटीची रुंदी निम्मी केली, तर नमुना दुप्पट रुंद होतो आणि मध्यभागी तीव्रता चौथा हिस्सा उरते. दुप्पट रुंदी आणि चौथा हिस्सा तीव्रता यांचा गुणाकार निम्मा येतो, आणि निम्म्या फटीतून निम्माच प्रकाश आत येतो, हिशेब जुळतो. फटीची रुंदी तरंगलांबीएवढीच झाली, तर पहिला काळा पट्टा ९० अंशांवर जातो, म्हणजे पलीकडचा सगळा अर्धा अवकाश मधल्या पट्ट्यानेच व्यापला जातो.

आवाज दारातून वळून शेजारच्या खोलीत जातो आणि प्रकाश मात्र सरळ जातो, या रोजच्या अनुभवाचे कारणही येथेच आहे. सेकंदाला २०० कंपने असलेल्या आवाजाची हवेतील तरंगलांबी सुमारे १.७ मीटर असते, आणि घराचे दार साधारण एक मीटर रुंद असते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.०००५५ मिलिमीटर, म्हणजे त्या आवाजाच्या तरंगलांबीच्या तीस लाखांव्या भागाएवढी. फटीची रुंदी वर्ग करून तिला तरंगलांबीने भागले, की साधारण किती अंतरानंतर हा पसरटपणा फटीच्या रुंदीशी तुलना करण्याइतका होतो, ते अंतर मिळते. ०.१ मिलिमीटर फटीसाठी ते दोन सेंटिमीटरपेक्षा कमी आहे. एक मीटर रुंद खिडकीसाठी ते सुमारे १८०० किलोमीटर आहे. खिडकीतून आलेल्या उन्हाची कड विवर्तनाने पसरलेली आपल्याला का दिसत नाही, याचे उत्तर या एका आकड्यात आहे. त्या कडेला जो धूसरपणा दिसतो, तो सूर्याच्या आकारामुळे आलेला असतो.

प्रत्यक्षातील दोन फटींचा नमुना मात्र शुद्ध कधीच नसतो, आणि येथे पुस्तकातील आकृती विद्यार्थ्यांची दिशाभूल करते. आकृतीत सारख्या उजळ पट्ट्यांची रांग काढलेली असते. तसे व्हायला प्रत्येक फट तरंगलांबीपेक्षाही अरुंद हवी. खऱ्या फटीला रुंदी असते, म्हणून प्रत्येक फट आधी आपला विवर्तनाचा नमुना तयार करते आणि दोन फटींचे बारीक पट्टे त्या रुंद नमुन्याच्या आतच दिसतात. पडद्यावरील तीव्रता म्हणजे या दोन्हींचा गुणाकार असतो. समजा फटींमधील अंतर ०.१ मिलिमीटर आणि प्रत्येक फटीची रुंदी ०.०२५ मिलिमीटर आहे. अंतर रुंदीच्या चौपट असल्यामुळे दोन फटींचा चौथा तेजस्वी पट्टा जेथे यायला हवा, नेमक्या त्याच ठिकाणी प्रत्येक फटीचा पहिला काळा पट्टा येतो. दोन्ही फटींतून तेथे काहीच पोचत नसेल, तर बेरीज करायला काही उरत नाही, आणि चौथा पट्टा गायब होतो. मधल्या भागात केंद्राचा एक आणि दोन्ही बाजूंचे तीन तीन, असे सात पट्टे दिसतात. एकाच पडद्यावर, एकाच वेळी, एका सूत्राने अंधार आणि दुसऱ्याने प्रकाश सांगितलेला असताना काय होते, हे गायब पट्ट्यावरून कळते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहिताना हे उदाहरण अवश्य घ्या.

विवर्तन कुठे संपते आणि व्यतिकरण कुठे सुरू होते, याचे उत्तर आता थोडक्यात देता येते. अशी सीमा निसर्गात नाही. मोजक्या, वेगळ्या उगमांच्या तरंगांची बेरीज करताना आपण व्यतिकरण म्हणतो आणि एकाच तरंगमुखाच्या सलग भागातील असंख्य उगमांची बेरीज करताना विवर्तन म्हणतो. ही सोय आहे, आणि परीक्षेपुरती ती पाळावी.

प्रकाशात प्रकाश मिसळून अंधार झाला, तर ऊर्जा गेली कुठे, ही शंका याच्या पाठोपाठ येतेच. शेततळ्याच्या निश्चल पाण्यात दोन खडे टाकल्यावर काही रेषांवर पाणी जवळजवळ स्तब्ध राहते आणि त्यांच्या लगत ते जास्त उसळते; प्रकाशाचेही तसेच आहे. दोन फटींच्या पट्ट्यांत तीव्रता शून्यापासून चौपटीपर्यंत बदलते, तिची सरासरी दुप्पट येते, आणि दोन फटींतून दुप्पटच प्रकाश आला होता. काळ्या पट्ट्यातील ऊर्जा नष्ट झालेली नसते, ती तेजस्वी पट्ट्यात गेलेली असते. याचे भव्य उदाहरण तुमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात उभे राहायचे आहे. औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय तरंग (अवकाशाच्याच ताणण्या-आकसण्याचे तरंग) टिपणाऱ्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. तेथे एकमेकांशी काटकोनात असलेल्या चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमध्ये लेसरचा प्रकाश विभागला जाईल आणि परत येऊन मिळेल. अशा यंत्रात बाहेर पडण्याचे द्वार जवळजवळ काळ्या पट्ट्यावर ठेवतात. दोन्ही भुजांतील तरंग तेथे एकमेकांना खोडतात आणि बहुतेक सगळा प्रकाश उगमाच्या दिशेने परत जातो, इतका की तो पुन्हा आत पाठवून वापरता येतो. गुरुत्वीय तरंगाने भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी कमी फरक पाडला, तरी ते खोडणे किंचित बिघडते आणि द्वारातील प्रकाश बदलतो. अमेरिकेतील दोन लायगो यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिला गुरुत्वीय तरंग टिपला, तो याच तत्त्वावर.

घरी प्रयोग करण्यापूर्वी उगमाविषयी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. दोन वेगळ्या बल्बांनी पट्टे मिळत नाहीत, कारण प्रत्येक बल्बमधील अणू आपापल्या क्षणी प्रकाश सोडतात, दोघांमधील कलांतर सेकंदाला कोट्यवधी वेळा बदलते आणि पट्टे इकडून तिकडे सरकत एकमेकांत मिसळून जातात. दोन्ही फटींना प्रकाश एकाच उगमाकडून मिळाला पाहिजे, म्हणजे त्या कलासंबद्ध राहतात, त्यांच्यातील कलांतर बदलत नाही. पण उगम एकच असणेही पुरेसे नाही, आणि मराठवाड्यात भरपूर मिळणारे ऊन हे त्याचे चांगले उदाहरण आहे. ०.१ मिलिमीटर अंतरावरील दोन फटींवर थेट ऊन घेतले, तर लगतच्या पट्ट्यांमधील कोन सुमारे ०.३ अंश येतो. सूर्याची चकती आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसते. चकतीवरील प्रत्येक बिंदू आपल्या पट्ट्यांची रांग थोडी सरकवून टाकतो, आणि अर्ध्या अंशाचे सरकणे ०.३ अंशाच्या पट्ट्यांना पुसून टाकायला पुरेसे असते. उन्हाच्या वाटेत अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र ठेवून फटी त्याच्यापासून एक मीटरवर ठेवल्या, तर उगमाची कोनीय रुंदी सुमारे ०.०३ अंश उरते आणि पट्टे दिसू लागतात.

थॉमस यंग यांनी नेमकी हीच काळजी घेतली होती. १८०३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या प्रयोगात त्यांनी खिडकीच्या झडपेतील भोकावर जाड कागद लावून त्याला सुईने छिद्र पाडले, आणि त्या छिद्रातून आलेल्या उन्हाच्या झोतात सुमारे एक तीसांश इंच जाडीची कागदाची पट्टी कडेने धरली. पट्टीच्या दोन्ही कडांवरून आलेला प्रकाश तिच्या सावलीत मिळून रंगीत पट्टे पडले. एका बाजूचा प्रकाश अडवला, की ते नाहीसे झाले. दोन फटींची मांडणी त्यांच्या १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत आहे. त्यांनी काढलेल्या तरंगलांब्या लाल टोकासाठी सुमारे एक छत्तीस हजारांश इंच आणि जांभळ्या टोकासाठी सुमारे एक साठ हजारांश इंच होत्या, म्हणजे ०.०००७१ आणि ०.०००४२ मिलिमीटर. आजच्या मापांशी या जुळतात, आणि त्या दोन शतकांपूर्वी केवळ उन्हाच्या आधारे काढलेल्या आहेत, याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते.

तुम्हाला लेसर पॉइंटर मिळत असल्यामुळे छिद्राची गरज नाही. त्याचा झोत दोन्ही फटींवर एकाच कलेत पडतो. बाजारात मिळणाऱ्या लाल पॉइंटरची तरंगलांबी साधारण ६५० नॅनोमीटर असते. झोत कोणाच्याही डोळ्यात जाणार नाही, आरशावर किंवा स्टीलच्या भांड्यावर पडून परतणार नाही, याची आधी खात्री करा. सूक्ष्मदर्शकासाठी वापरतात ती काचपट्टी चिमट्यात धरून कापराच्या ज्योतीवर हळूहळू फिरवा. एकाच जागी धरली तर काच तडकते. काजळीचा थर इतका झाला पाहिजे, की त्यातून खिडकीकडे पाहिल्यास उजेड दिसू नये. दाढीची दोन नवी पाती एकमेकांना घट्ट चिकटवून धरा आणि पट्टीच्या आधाराने काजळीवरून एकदाच, जोर न देता ओढा. पात्याची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते, म्हणून दोन ओरखड्यांमधील अंतरही तितकेच येते. पात्यांची धार उघड्या बोटांनी दाबू नका, जाड कागदाची घडी मध्ये घ्या. शेजारीच एका पात्याने एकच ओरखडा काढून ठेवा. तुलनेसाठी तो लागतोच.

पांढरा रंग दिलेली भिंत फटींपासून तीन मीटरवर असू द्या आणि खोली पूर्ण अंधारी करा. भारनियमनाची संध्याकाळ यासाठी उत्तम. पॉइंटर पुस्तकांच्या चवडीवर स्थिर ठेवून त्याचे बटण रबरबँडने दाबून धरा, कारण हातात धरलेल्या पॉइंटरने मापे घेता येत नाहीत. एका ओरखड्यावर झोत टाकला, की फटीच्या आडव्या दिशेने पसरलेला लांबट मधला पट्टा आणि बाजूचे अंधूक पट्टे दिसतात. तसाच झोत दोन ओरखड्यांवर सरकवला, की तोच लांबट पट्टा एकाएकी बारीक उभ्या रेघांनी चिरला जातो. फटी भरत जाण्याची जी गोष्ट वर सांगितली, तिची उलटी बाजू येथे दिसते. लगतच्या रेघांमधील अंतर म्हणजे तरंगलांबी गुणिले तीन मीटर भागिले ०.१ मिलिमीटर, जवळपास दोन सेंटिमीटर. एक अंतर मोजण्याऐवजी पाच अंतरे एकत्र मोजून पाचाने भागा. चूक त्या प्रमाणात कमी होते. आणि ०.१ हा आकडा गृहीत धरू नका, मोजलेल्या रेघांवरून तुमच्या फटींचे खरे अंतर काढा.

ओरखडे जमेपर्यंत धीर नसेल, तर स्वतःचा एक केस पुठ्ठ्याच्या चौकटीत ताणून झोतात धरा. केस आणि तेवढ्याच रुंदीची फट यांचे विवर्तन, झोताचा मधला ठिपका सोडला तर, सारखेच असते; हे बाबिने यांचे तत्त्व आहे. तीन मीटरवर लगतच्या काळ्या पट्ट्यांमधील अंतर २.६ सेंटिमीटर आले, तर केसाची जाडी ०.०७५ मिलिमीटर होते. साध्या मोजपट्टीने मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतचे माप घेता येते, याचे आश्चर्य वर्गातील प्रत्येक मुलाला वाटते आणि ते वाटलेच पाहिजे. आपल्या शेतातील कापसाचा एक सुटा तंतूही लावून पाहा. तो साधारण ०.०१५ मिलिमीटर रुंद असल्यामुळे पहिला काळा भाग केंद्रापासून दोन्ही बाजूंना तेरा सेंटिमीटरच्या आसपास जातो. मात्र कापसाचा तंतू पिळदार चपट्या फितीसारखा असतो, जागोजागी त्याची रुंदी बदलते, म्हणून केसाइतके रेखीव पट्टे त्यातून मिळत नाहीत.

पांढऱ्या प्रकाशाने प्रयोग केला, तर मधला पट्टा पांढरा राहतो, कारण तेथे कोणत्याही तरंगलांबीचे पथांतर शून्यच असते. बाजूच्या पट्ट्यांत जांभळा आतल्या अंगाला आणि लाल बाहेरच्या अंगाला येतो. लोलकात जांभळा जास्त वळतो, येथे लाल जास्त वळतो. दोन्हींची कारणे वेगळी आहेत आणि परीक्षेत येथे हमखास गोंधळ होतो. प्रकाश अत्यंत मंद करून एका वेळी एखादाच फोटॉन (प्रकाशाचा कण) यंत्रात असेल अशी व्यवस्था केली, तरी पुरेशा वेळात तेच पट्टे तयार होतात. जी. आय. टेलर यांनी १९०९ मध्ये सुईच्या सावलीचे असे छायाचित्र घेतले, त्याला सुमारे तीन महिने लागले. ही पुंजयामिकीची सुरुवात आहे आणि तिला स्वतंत्र उत्तर लागेल.

शेवटी फटींची संख्या वाढवण्याचा प्रयोग, ज्यासाठी ओरखडेही काढावे लागत नाहीत. फटी समान अंतरावर ठेवून त्यांची संख्या वाढवली, की तेजस्वी पट्टे आपल्या जागीच राहतात, पण अधिकाधिक बारीक आणि उजळ होतात, कारण ठरलेल्या कोनापासून थोडे जरी ढळले तरी खोडायला पुष्कळ जोडीदार मिळतात. जुन्या सीडीवरील लगतच्या दोन खाचांमधील अंतर १.६ मायक्रोमीटर असते आणि ती परावर्तनाने विवर्तन जालकासारखे, म्हणजे समान अंतरावरील असंख्य फटींच्या रांगेसारखे, काम करते. लाल पॉइंटरचा झोत तिच्यावर सरळ टाका, म्हणजे पहिला ठिपका सुमारे २४ अंशांवर आणि दुसरा सुमारे ५४ अंशांवर मिळेल. डीव्हीडीवर हे अंतर ०.७४ मायक्रोमीटर असते. पहिला ठिपका ६१ अंशांजवळ जातो आणि दुसरा मिळतच नाही, कारण त्यासाठी साइनची किंमत एकापेक्षा मोठी लागते. दोन्ही तबकड्यांवरील नावे कागदाने झाकून, केवळ ठिपके मोजून कोणती सीडी आणि कोणती डीव्हीडी हे वर्गातील इतरांना ओळखायला सांगा, आणि मोजलेल्या कोनांवरून खाचांमधील अंतर काढून ते वरच्या आकड्यांशी ताडून पाहा.